भिंतीवरचे अठ्ठावीस

कापड रंगवण्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला बॉयलरकाका म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? कामगारांनी पाडलेलं हे नाव आधी गल्लीत पसरलं, गल्लीतून घरात शिरलं आणि शेवटी बायकोच्या माहेरीही तेच रूढ झालं. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नुसतं 'काका' म्हटलं तर ते थोडे हिरमुसत.

बॉयलरच्या खोलीत प्रेशर दाखवणारं एक मोठं घड्याळ होतं आणि त्या घड्याळावर एक लाल रेघ. काटा त्या रेघेवर ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. काटा रेघेच्या वर गेला तर जिवाशी खेळ, खाली आला तर रंगखात्याची बोंबाबोंब. एकोणतीस वर्षांत किती मॅनेजर आले नि गेले, पण ती रेघ तसूभर हलली नाही, आणि काकांनी काटाही हलू दिला नाही. मग कारखान्याने विजेवर चालणारं, आपलं आपण बघणारं यंत्र आणलं. त्याला माणूस लागत नव्हता. निरोप देताना साहेबांनी काकांना भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं. साधं, वेळ दाखवणारं. ते काखोटीला मारून काका घरी आले.

त्यानंतर चौदा महिने त्यांच्या बायकोने जे सोसलं ते तिचं तिलाच ठाऊक. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर दोनशे मुलांचं जेवण रांधून संध्याकाळी घरी यावं, तर काका कुकरसमोर हाताची घडी घालून उभे.

"अगं, गॅस कमी कर. चौथी शिट्टी भरत आलीय."

"अहो, तीस वर्षं कुकर लावतेय मी. एकदा तरी उडालाय का?"

"उडत नाही तोवर कळत नाही," काका गंभीरपणे म्हणत. पाणी तापवायच्या टाकीला त्यांनी जुनं पोतं गुंडाळलं, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, आणि घरात दिवसातून चार वेळा तापमान बघून ते कॅलेंडरवर लिहायला लागले. बघायला गंमत वाटे, पण गंमत नव्हती ती. माणूस आतून रिकामा झाला होता. कुणालाच आपली गरज उरली नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं, आणि ते बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बायकोची थोरली बहीण शहराबाहेर राहायची. सगळे तिला ताईच म्हणत, काकासुद्धा. तिची एक लांबोडकी शेड होती आणि शेडमध्ये साठ डुकरं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती एकटीने हा पसारा ओढत होती. दोन्ही गुडघे पार झिजले होते. दोन्ही बदलायला हवेत असं डॉक्टर तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होते आणि ताईचं उत्तर ठरलेलं होतं, "शेड कुणाच्या भरवशावर टाकू?"

अखेर एक दिवस तिला पायरी चढवेना. तेव्हा धाकटीने तोडगा काढला. "ताई, आमच्या ह्यांना घेऊन जा. तुझी शेडही सांभाळली जाईल आणि माझा कुकरही सुटेल."

ताईने काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. डुकरं आणि भाऊजी यांची गाठ तिने कधी कल्पनेतही घातली नव्हती. "बघा भाऊजी," ती म्हणाली, "एक गुडघा करून घेते. सहा आठवडे लेकीकडे राहीन. हे सहा आठवडे तुम्ही निभावलेत तर दुसऱ्याचा विचार. नाहीतर दुसरा आहे तस्साच राहील, आणि मी पण आहे तश्शीच."

काकांनी मान डोलावली. एका माणसाच्या चालण्याफिरण्याचा प्रश्न आपल्या हातात येऊन पडलाय हे त्यांना कळलं. आणि हेही कळलं की इथे घोळ झाला, तर पुन्हा कुणी आपल्याला कसलंच काम सांगणार नाही.

जायच्या दिवशी ताईने सगळं समजावलं. सहा कप्पे, प्रत्येकात दहा. सकाळी दर कप्प्याच्या गव्हाणीत दोन बादल्या खाद्य, संध्याकाळी दोन. पाठीवर निळा ठिपका असलेली पाच डुकरं दर रविवारी वजनकाट्यावर घ्यायची. आज त्यांची सरासरी बासष्ट किलो होती. आठवड्याला साडेपाच किलो वाढलं पाहिजे. काका वहीत लिहून घेत होते आणि मनातून खूश होत होते. आकडे असले की त्यांना धीर येई.

"आणि ऊब किती ठेवायची?" ताई गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"ते काय, त्यांच्याकडे बघून कळतं हो," ताई म्हणाली आणि गाडीचं दार लागलं.

त्यांच्याकडे बघून! हे काय उत्तर झालं? काका शेडमध्ये आले. साठ डुकरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी साठ डुकरांकडे बघितलं. कुणालाच काही कळलं नाही. मग त्यांची नजर हीटरच्या बाजूच्या भिंतीवर गेली. तिथे लाल खडूने ठळक आकडा लिहिला होता. अठ्ठावीस.

काकांचा जीव भांड्यात पडला. लाल रेघ सापडली होती! शेजारच्या तापमापकात बघितलं तर पारा एकोणीसवर. त्यांनी जीभ चावली. बिचारी ताई, गुडघ्याच्या दुखण्यात हीटरकडे लक्ष राहिलं नसणार. त्याच दुपारी त्यांनी हीटर पेटवला. वरच्या झडपांतून वारा येत होता, त्या पोती कोंबून बंद केल्या. फटी बुजवल्या. पाइपाला चिंध्या गुंडाळताना ते चक्क शीळ घालत होते. तिसऱ्या दिवशी पारा अठ्ठावीसवर येऊन थांबला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा काका पोटभर जेवले.

डुकरं मात्र जेवेनात.

आधी गव्हाणीच्या तळाशी थोडं खाद्य उरायला लागलं. मग पाव बादली, मग अर्धी. काकांनी खाद्याचा वास घेऊन बघितला, चिमूटभर चाखूनही बघितलं. काही वावगं नव्हतं. वर साखरेचं पाणी शिंपडलं, तर डुकरांनी वरचा गोडवा चाटला आणि बाकीचं तसंच ठेवलं. पाणी मात्र ढसाढसा प्यायची. पहिल्या रविवारी निळ्या ठिपक्यांची पाच डुकरं काट्यावर चढली. साडेपाचच्या जागी साडेतीन किलो वाढ.

ताईचा रोज फोन यायचा. "कशी आहेत बाळं?"

"एकदम झकास," काका म्हणाले. एवढं म्हणून त्यांना घाम फुटला, आणि तो काही अठ्ठावीस अंशांचा नव्हता. जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं तर तो ताईच्या ओळखीतला, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. काकांनी हीटर जरा वाढवला. आजारी असतील तर ऊब हवीच, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या रविवारी बायको डबा घेऊन आली. नेमकी वजनं चालली होती. वाढ तीन किलो. काकांनी तो आकडा वहीत इतक्या बारीक अक्षरात लिहिला, जणू लहान लिहिला तर कुणाला दिसणार नाही. बायको सगळं बघत होती. उलटी बादली टाकून ती शेडमध्येच बसली आणि डबा उघडला. उकडलेले बटाटे, पाव, अंडी. दोन घास खाल्ले आणि तिने डब्याला झाकण लावलं.

"का गं? बरं नाही का वाटत?"

"मला काय झालंय! अहो, इथे जीव गुदमरतोय नुसता. डोळे चुरचुरतात. या भट्टीत बसून घास जातोय कुणाला?" पदराने वारा घेत ती म्हणाली. "शाळेत मे महिन्यात पण असंच होतं. अर्धी पानं टाकून पोरं नळावर जातात."

काकांनी हळूच वळून कप्प्यांकडे बघितलं. दोन आठवड्यांत त्यांनी तापमापकाकडे हजारदा बघितलं असेल, डुकरांकडे अशी नजर लावून पहिल्यांदाच. एकही डुक्कर दुसऱ्याला चिकटून बसलं नव्हतं. जो तो एकमेकांपासून लांब, पाय ताणून आडवा. एरवी कोरड्या जागी झोपणारी ती जनावरं मागच्या ओल्या घाणीत जाऊन लोळली होती, जरा अंग गार होईल म्हणून. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. यांना घाम येत नाही हे ताईने कधीतरी सांगितलेलं त्यांना आता आठवलं.

"अगं," काका म्हणाले, "हे बॉयलर आहेत!"

"आता डुकरांना पण?"

"ऐक तरी! खाद्य म्हणजे कोळसा. खाल्लं की आत आग पेटते. साठ बॉयलर एका खोलीत पेटलेले, वर मी हीटर लावला, वाफ जायची भोकंही बुजवली. बिचारे करतील काय? कोळसा घ्यायचा बंद केला त्यांनी! मी त्यांना आजारी समजत होतो, आणि ते स्वतःचं प्रेशर सांभाळत होते." आपण जनावरांना दोन आठवडे नुसतं शिजवत ठेवलं, हे मनाला फार लागलं.

पण काका म्हणजे मध्यावर थांबणारा माणूस नव्हे. त्यांनी हीटर बंद केला, सगळी पोती उपटून काढली, झडपा सताड उघडल्या, वर समोरचं मोठं दारही उघडं टाकलं. बाहेर थंडी पडायला लागली होतीच.

सोमवारी सकाळी आले तर गव्हाणी चाटूनपुसून लख्ख. काकांना आनंदाने नाचावंसं वाटलं. त्यांनी तिसरी बादली ओतली, तीही फस्त. पूर्ण आठवडा हाच थाट. डुकरं कप्प्यांच्या दारातच वाट बघायची, बादलीचा आवाज आला की एकच गिल्ला. काकांनी फोनवर ताईला इतक्या जोरात "झकास" सांगितलं की तिने फोन कानापासून लांब धरला असावा. कोपऱ्यात सगळी एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, खालची कुरकुरतात आणि वरची थरथरतात, हे त्यांनी बघितलं होतं. पण लाडात आली असतील म्हणून सोडून दिलं.

तिसरा रविवार. निळे ठिपके काट्यावर चढले. वाढ चार किलो.

काकांनी काटा तपासला. स्वतः चढून बघितलं, तर स्वतःचं वजन दोन किलोने घटलेलं. म्हणजे काटा बरोबर होता. दीडपट खाद्य खाऊन चार किलो? मग बाकीचं गेलं कुठे? ते त्याच काट्यावर फतकल मारून बसले. पुढे कप्प्यात दहा डुकरं ढीग करून एकमेकांची ऊब घेत होती. आणि काकांना एका जुन्या हिवाळ्याची आठवण आली. अंगणातून जाणाऱ्या वाफेच्या नळीवरचं आवरण फाटलं होतं. महिनाभर कोळशाच्या पाट्यांवर पाट्या जात होत्या आणि रंगखात्यात वाफ पोचत नव्हती. निम्मी आग नुसतं अंगण तापवण्यात संपत होती.

"मूर्ख आहेस," काका स्वतःला मोठ्याने म्हणाले. सगळी डुकरं त्यांच्याकडे बघायला लागली. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं, कारण खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जळत होतं. भूक चांगली म्हणजे वाढ चांगली असं थोडंच आहे!

त्या दिवशी त्यांनी तापमापक खिळ्यावरून काढला आणि खिशात घातला. ताईच्या घरातून स्टूल आणलं, कप्प्यांच्या मधोमध ठेवलं आणि बसले. त्यांच्याकडे बघून कळतं म्हणालेली ना ताई? मग बघायचंच. आधी मोठं दार लावलं. तासभर बघितलं. ढीग जरा सैल झाला. मग वाऱ्याच्या बाजूच्या दोन झडपा लावल्या, पुन्हा बघत बसले. खालच्या डुकरांनी डोकी बाहेर काढली. मग आणखी एक झडप अर्धी. दुपार टळत आली तसा सगळा ढीग पसरला, आणि एकेक जण कोरड्या जागी कुशीवर झोपला. अंगाला अंग लागेल इतपत जवळ, पण कुणी कुणाच्या वर नाही. थरथर नाही, धाप नाही. एकाने तर इतका लांब सुस्कारा सोडला की काकांनीही नकळत सोडला.

मग त्यांनी खिशातला तापमापक काढून खिळ्यावर लावला आणि पाव तास थांबून बघितलं.

एकोणीस.

ताई गेली त्या दिवशी होतं तेवढंच. काका बघत राहिले आणि मग एकटेच खो खो हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. तीन आठवडे जिवाचं रान करून गडी पहिल्याच ठिकाणी येऊन पोचला होता.

तिसरी बादली बंद झाली. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, उरायचं काही नाही आणि ओरडाही नाही. काका आता आत शिरताना आधी झोपलेल्यांकडे बघत आणि मग, सवय म्हणून, पाऱ्याकडे. चौथ्या रविवारी सहा किलो वाढ झाली. पाचव्या रविवारी पुन्हा सहा. सहाव्यालाही सहा. मागे राहिलेली कसर डुकरं आपणहून भरून काढत होती. तरी वहीतली बेरीज काही खोटं बोलत नव्हती. साडेपाचच्या हिशेबाने पंच्याण्णव किलो भरायला हवे होते, भरले साडेनव्वद.

ताई यायच्या दिवशी काकांनी दाढी केली, जणू मुलाखतच होती. ती हातात काठी घेऊन गाडीतून उतरली. नवा गुडघा जपून टाकत होती, जुना नेहमीसारखाच वाकडा पडत होता. धाकटी तिला धरायला पुढे झाली, पण ताईने हात झटकला आणि सरळ शेडची वाट धरली.

"ताई," काकांनी दारातच गाठलं, "आत जायच्या आधी ऐकून घ्या. मी तुम्हाला रोज झकास म्हणत होतो ना, ते खोटं होतं. पहिले दोन आठवडे मी यांना भाजलं, तिसऱ्या आठवड्यात गारठवलं. साडेचार किलोने मागे आहेत. मी काही लपवत नाही. चूक माझी."

ताई आत आली आणि काकांच्या स्टुलावर बसली. तिने वही मागितली नाही, पाऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नुसती कप्प्यांकडे बघत राहिली. दुपारची वेळ, साठच्या साठ जनावरं कोरड्यात ओळीने झोपलेली. काका दाराशी उभे. बॉयलर तपासायला सरकारी माणूस यायचा तेव्हाही त्यांची छाती इतकी धडधडली नव्हती.

"कान लाल नाहीत, अंगावर घाण नाही, खोकला नाही," ताई स्वतःशीच म्हणाली. मग काकांकडे वळली. "साठ ठेवून गेले होते, साठ आहेत. साडेचार किलो म्हणजे सहा दिवस. सहा दिवसांनी कुणाचं काय अडतंय भाऊजी? मला वाटलं होतं निम्मी तरी मेली असतील, आणि तुम्ही मला फोनवर सांगत नाही आहात."

काकांनी दाराची चौकट धरली. बायकोने ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

"पण भाजलंत कसं काय?" ताईने विचारलं. "एवढा हीटर लावायची बुद्धी कुणी दिली?"

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ताईने मान वळवली, लाल अठ्ठावीस बघितले आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! हे मी लिहिलेलं! पिल्लं आली तेव्हा सात-सात किलोची होती, एवढी एवढीशी. त्यांना लागते तेवढी ऊब. मग दर आठवड्याला दोन दोन अंश कमी करत आणायचं. ते डोक्यातच असतं माझ्या, पुसायचं राहूनच गेलं." ती इतकी हसली की काठी हातातून निसटली. "म्हणजे अर्धी चूक माझी. सात किलोच्या पिल्लाचं पांघरूण तुम्ही सत्तर किलोच्या धिप्पाडांना घातलंत!"

आता धाकटीही हसायला लागली. काका मात्र कामाला लागले. त्यांनी बादलीत फडकं बुचकळलं, पिळलं आणि भिंतीशी गेले. हा आकडा एकदाचा डोळ्यांसमोरून जायला हवा होता.

"राहू द्या, पुसू नका," मागून ताई म्हणाली. "ही विकली गेली की शेड धुवायची. फेब्रुवारीत नवी पिल्लं येतील, सात-सात किलोची. तेव्हा अठ्ठावीसच लागेल. पण दर आठवड्याला दोन दोन उतरवायचं, आणि त्यांच्याकडे बघत बघत. जमेल ना?"

काकांचा फडक्याचा हात हवेतच थांबला. बाह्यांवर पाणी ओघळलं.

"मला? का बरं? फेब्रुवारीत तुम्ही कुठे असणार?"

ताईने काठीचं टोक आपल्या वाकड्या गुडघ्यावर टेकवलं. "हॉस्पिटलात," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना फोन करून तारीख घेते."